मिनार्स्की स्मारक लँकेस्टर

कॅनडातील हॅमिल्टन (ऑन्टॅरिओ) येथील कॅनेडियन वॉरप्लेन हेरिटेज संग्रहालयाचे लँकेस्टर जातीचे बॉम्बफेकी विमान. दुसऱ्या महायुद्धात मरण पावलेला गनर (विमानातली मशीनगन चालवणारा) अँड्र्यू चार्ल्स मिनार्स्की (१९१६–४४) याच्या स्मरणार्थ ते आजही उडवले जाते. उडण्याजोगी लँकेस्टर विमाने जगात दोनच उरली आहेत. दुसरे ब्रिटनच्या हवाई दलाकडे आहे.

विमानावर ‘व्हीआर-ए’ ही अक्षरे आहेत, पण ती उसनी. ती मिनार्स्कीच्या विमानाची. त्याचा क्रमांक केबी ७२६, ते फ्रान्समध्ये कोसळले. या विमानाचा क्रमांक एफएम २१३. कॅनडातल्याच माल्टनच्या कारखान्यातून ते बाहेर पडले जुलै १९४५ मध्ये, म्हणजे युरोपातली लढाई थांबल्यावर. जर्मनांवर त्याने एकही बॉम्ब टाकलेला नाही.

मिनार्स्की विनिपेगचा, पोलंडहून आलेल्या आईबापांचा मुलगा. वडील लवकर गेल्यामुळे घराला हातभार लावण्यासाठी तो चामड्याच्या कामाला लागला आणि १९४१ मध्ये हवाई दलात भरती झाला. १२ जून १९४४ च्या रात्री कॅनडाच्या ४१९ स्क्वाड्रनचे त्याचे विमान फ्रान्समधल्या कांब्रेच्या रेल्वे यार्डावर हल्ल्यासाठी निघाले. या चमूची ही तेरावी मोहीम. उड्डाणाआधी गवतात सापडलेले चार पानांचे क्लोव्हर, म्हणजे तिकडचे शुभचिन्ह, त्याने शेपटीकडचा गनर पॅट ब्रॉफी याला देऊन टाकले होते.

मध्यरात्रीनंतर जर्मन लढाऊ विमानाने गाठले. डावीकडची दोन्ही इंजिने बंद पडली, आग लागली आणि कप्तानाने उड्या मारायचा हुकूम दिला. मिनार्स्की दारापाशी पोहोचलाही होता. तेवढ्यात त्याला दिसले, की ब्रॉफी मागच्या टरेटमध्ये, म्हणजे मशीनगनच्या फिरत्या घुमटीत, अडकला आहे. इंजिनांबरोबर टरेट फिरवणारा तेलाचा दाब गेला होता आणि हाताने फिरवायची दांडीही धडपडीत मोडली होती. मिनार्स्की जळत्या तेलातून रांगत तिथवर गेला. कुऱ्हाड चालवून पाहिली, नुसत्या हातांनी ओढून पाहिले. टरेट हलेना. ब्रॉफीने हातवारे करून त्याला परत पाठवले. पाठमोरे वळायला जागा नव्हती, की त्याला वळायचे नव्हते, कोण जाणे. तो उलटाच रांगत मागे सरकला. दाराशी कमरेखालचे कपडे पेटलेले असताना ताठ उभे राहून त्याने सलाम केला आणि उडी घेतली. पॅराशूटही पेटले होते. फ्रेंच गावकऱ्यांना तो जिवंत सापडला, पण भाजल्यामुळे थोड्याच वेळात गेला. वय २७. कबर मेआरिकूरच्या गावस्मशानात आहे.

आणि ब्रॉफी वाचला. विमान झाडावर आदळले, टरेट फेकले गेले, बहुतेक बॉम्ब फुटलेच नाहीत. मिनार्स्कीचे विमानातले शेवटचे क्षण पाहिलेला तोच एक माणूस. ब्रिटनच्या बॉम्बर कमांडचे, म्हणजे बॉम्बफेकी विमानांच्या दलाचे, ५५,५७३ जण मेले. त्यांतल्या किती विमानांत असेच काही घडले असेल आणि सांगायला कुणीच उरले नसेल! ब्रॉफीच्या साक्षीवरून ऑक्टोबर १९४६ मध्ये मिनार्स्कीला व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले.

एफएम २१३ चे नशीब निराळे. युद्धानंतर समुद्रावरची टेहळणी आणि बचाव ही कामे त्याने वर्षानुवर्षे केली. निवृत्तीनंतर ते ऑन्टॅरिओतल्या गोडरिच गावात चौथऱ्यावर उघड्यावर उभे होते. १९७९ मध्ये हेलिकॉप्टरने उचलून हॅमिल्टनला आणले. दुरुस्तीला जवळजवळ दहा वर्षे लागली, आणि २४ सप्टेंबर १९८८ रोजी ते पुन्हा उडाले.

मिनार्स्कीने इंग्लंडमधल्या ज्या मिडल्टन सेंट जॉर्ज तळावरून शेवटचे उड्डाण केले, तिथे आता नागरी विमानतळ आहे. २००५ मध्ये तिथे त्याचा ब्राँझचा पुतळा उभारला गेला : अंगात उड्डाणाचा पोशाख, हात कपाळाशी. २०१४ मध्ये एफएम २१३ अटलांटिक ओलांडून ब्रिटनला गेले, तेव्हा याच धावपट्टीवरही उतरले.