हिऱ्याची प्रत

हिऱ्याचे रत्न म्हणून मोल ठरवताना पाहिले जाणारे गुण : पैलूकाम, रंग, नितळपणा व वजन. जुन्या मराठी बोलण्यात वजन सोडून बाकीचे बहुतेक गुण ‘पाणी’ या एकाच शब्दात येतात. प्रत ठरवण्याच्या सर्व पद्धतींत वजन राखायचे की तेज, हा पेच कोठे ना कोठे आढळतोच.

प्रकाशीय गुण : हिरा हा घनीय वर्गात (तीन समान, परस्परांस लंब अक्षांच्या रचनेत) स्फटिकीभूत झालेला कार्बन होय. वि. गु. (पाण्याच्या तुलनेत जडपणा) 3.52, कठिनता 10 (मोस मापक्रमात), प्रणमनांक (प्रकाश किती वाकतो याचे माप) सु. 2.42. प्रणमनांक इतका मोठा असल्याने हिऱ्यातून हवेत येऊ पाहणाऱ्या किरणाचा क्रांतिक कोन (ज्याहून तिरपा पडलेला किरण बाहेर पडू शकत नाही तो कोन) जेमतेम 24.4 अंश असतो (साध्या काचेत तो 40 अंशांहून अधिक). आत शिरलेला प्रकाश तळाच्या पैलूंवर याहून तिरपा पडला, की पूर्ण आंतरिक परावर्तन होऊन माथ्यातून परत येतो. यालाच तेज म्हणतात. रंगांच्या ठिणग्या दिसतात त्या अपस्करणामुळे, म्हणजे प्रकाशातील रंग वेगळे होण्यामुळे (0.044). मात्र अपस्करण जास्त म्हणजे रत्न सरस, असे नाही. कृत्रिम रूटाइल या टायटॅनियमाच्या ऑक्साइडाचे अपस्करण हिऱ्याच्या कित्येक पट असते. पण ते भडक दिसते आणि मऊ असल्याने लवकर ओरखडते.

प्राचीन परीक्षा : वराहमिहिराच्या बृहत्संहितेत (सु. सहावे शतक) वज्रपरीक्षेवर (वज्र म्हणजे हिरा) स्वतंत्र अध्याय आहे. बुद्धभट्टाची रत्नपरीक्षा बहुधा याच्या आगेमागे रचली गेली असावी. उत्तम वज्राला सहा टोके, आठ बाजू व बारा धारा असाव्यात, असे या परंपरेत सांगितले आहे. हे वर्णन अष्टफलकाला (आठ त्रिकोणी बाजूंच्या घनाकृतीला) तंतोतंत लागू पडते. त्यावरून त्या काळी वाखाणला जाणारा हिरा पैलू न पाडलेला, निसर्गतः सुघड स्फटिक असावा, असे मानणे सयुक्तिक ठरते. काकपद, मक्षिका, केश ही दोषांची नावे आतील काळे कण व चिरा यांना उद्देशून असावीत. उत्तम वज्र पाण्यावर तरते, हे बृहत्संहितेतील श्लोकाचे विधान अक्षरशः घेता येत नाही, कारण हिरा पाण्याच्या साडेतीनपट जड आहे. लघुता (हलकेपणा) हा गुण अतिशयोक्तीने सांगितला असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. त्याच श्लोकात हिऱ्याला दिलेली इंद्रधनुष्याची उपमा मात्र नेमकी आहे.

पैलूकाम : ‘ब्रिलियंट’ या बहुपैलू घाटाचे जनकत्व सतराव्या शतकाच्या अखेरीच्या व्हिन्सेंझो पेरूझी या व्हेनिसच्या कारागिराकडे देण्याचा प्रघात आहे. या कथेला समकालीन कागदपत्रांचा आधार मिळत नाही. शिवाय पेरूझी हे ख्यातनाम घराणे फ्लॉरेन्सचे. फ्रान्सचे मंत्री कार्डिनल माझारँ (मृत्यू 1661) यांच्या नावाने ओळखला जाणारा आधीचा घाटही असाच शंकास्पद आहे. अनेक कार्यशाळांत पैलूंची संख्या हळूहळू वाढत जाऊन हा घाट सिद्ध झाला असावा. आजच्या गोल घाटात 57 पैलू असतात. तळाचे टोक सपाट केल्यास 58. मार्सेल टोल्कोव्स्की या अभियंत्यांनी 1919 मध्ये गणिताने पुढील प्रमाणे मांडली : माथ्याचा सपाट पैलू व्यासाच्या 53 टक्के, माथ्याचा उतार 34.5 अंश, तळाचा 40.75 अंश. त्यांनी प्रकाशाचा मार्ग एकाच उभ्या छेदात मोजला होता. म्हणून ही प्रमाणे मार्गदर्शक आहेत, एकमेव नव्हेत. तळ उथळ झाला की प्रकाश खालून निसटतो आणि दगड पोकळ दिसतो. फार खोल झाला तर मध्यभाग काळवंडतो. कोहिनूरला 1852 मध्ये लंडनमध्ये नव्याने पैलू पाडले, तेव्हा सु. 186 कॅरटचा हिरा 105.6 कॅरटवर आला.

रंग व नितळपणा : पिवळी झाक नायट्रोजनामुळे येते, निळी बोरॉनमुळे. अमेरिकी रत्नशास्त्र संस्थेची (स्थापना 1931) ‘डी’ ते ‘झेड’ ही रंगश्रेणी सर्वाधिक रूढ आहे. ‘डी’ म्हणजे पूर्ण रंगहीन. गडद निळे वा गुलाबी हिरे या श्रेणीत बसत नाहीत. त्यांत रंग हाच गुण ठरतो. नितळपणा दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून पाहतात.

वजन : 1907 पासून प्रचारात आलेला मेट्रिक कॅरट 200 मिलिग्रॅमचा आहे. कॅरट हा शब्द कॅरोबच्या शेंगेच्या ग्रीक नावावरून आला. त्या बिया विशेष एकसारख्या वजनाच्या असतात, ही समजूत 2006 मध्ये झालेल्या मोजणीत टिकली नाही. पूर्ण कॅरटाशी भाव चढत असल्याने कधी कधी मेखला (माथा व तळ यांमधला कडा) मुद्दाम जाड ठेवतात. असा हिरा काट्यावर भरतो, पण वरून पाहता लहान दिसतो.

कृत्रिम हिरे : जनरल इलेक्ट्रिक कंपनीने 1955 मध्ये कृत्रिम हिरे केल्याचे जाहीर केले. त्यांचे मूळ गुणधर्म नैसर्गिक हिऱ्यांसारखेच असतात. त्यामुळे भिंगातून भेद सहसा कळत नाही. वर्णपट व प्रतिदीप्ती (अतिनील किरणांखाली चमकण्याचा गुण) तपासावी लागते.