‘नाही’ शेवटी येतं

सोसायटीच्या नोटिसा लिहिण्याचं काम माझ्या गळ्यात आहे. मध्यंतरी मी फळ्यावर लावलेली ही नोटीस:

“टाकीच्या सफाईचे काम, जे मागील महिन्यात पंप नादुरुस्त असल्याने होऊ शकले नव्हते, ते सोमवारी करावयाचे असल्याने सकाळी ८ ते दुपारी २ या वेळेत, स्वतंत्र टाकी असलेले सभासद वगळता, अन्य सर्व सभासदांना पाणीपुरवठा करणे शक्य होणार नाही, याची नोंद घ्यावी.”

सोमवारी नऊ वाजता तळमजल्यावरच्या आजींनी मला जिन्यात गाठलं. घरात एक बादली भरलेली नव्हती. “वाचली की रे नोटीस. आठ ते दोन, सगळ्यांना पाणीपुरवठा. म्हटलं, बरं झालं, आज दुपारपर्यंत पाणी आहे.”

चूक माझी होती. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि ‘नाही’ त्याच्याही मागे. पाणी येणार की जाणार, याचा निकाल लागेपर्यंत आजींनी पंप, तारीख, वेळ, वगळलेले सभासद असं सगळं डोक्यात धरून ठेवायचं होतं.

डोक्यात धरायची ही जागा म्हणजे कार्यस्मृती, वर्किंग मेमरी. कपाटात कितीही डबे मावोत, ओट्यावर एका वेळी चारच मांडता येतात, तसलाच प्रकार. जॉर्ज मिलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५६ साली या जागेचा अंदाज ‘७ अधिक-उणे २’ असा दिला. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये तो साधारण ४ वर आणला. माझ्या नोटिशीने आजींच्या ओट्यावर सहा-सात डबे मांडले, तेही झाकणं उघडी ठेवून.

झाकण उघडं म्हणजे काय? हे वाक्य एका दमात वाचा: “आईने बाबांना मला ताईला फोन करायला सांगायला सांगितलं.” व्याकरणात खोट काढता येणार नाही. आई, बाबा, मी, ताई असे चारजण आधी दारात येऊन उभे राहतात, आणि त्यांची कामं मागून उलट्या क्रमाने येतात: फोन ताईला, ‘सांगायला’ मला, ‘सांगितलं’ बाबांना. त्यात तिघांच्या अंगावर ‘ना’ नाहीतर ‘ला’ हा एकच गणवेश. मेंदू क्रियापदापाशी पोचून मागे वळून पाहतो, तर कोणाला उचलायचं तेच कळत नाही. भाषा आणि मेंदूचे अभ्यासक एडवर्ड गिब्सन यांनी १९९८ साली मांडलेल्या सिद्धान्तानुसार शब्द आणि त्याचा जोडीदार यांच्यातलं अंतर वाढलं की जोडणीचा खर्च वाढतो.

गंमत अशी, की हिंदीवर प्रयोग केले तेव्हा भाषाशास्त्रज्ञ श्रवण वसिष्ठ यांना कधीकधी उलट दिसलं. मध्ये एखादा शब्द घातला की पुढचं क्रियापद जास्त पटकन वाचलं जात होतं. कारण वाचक नुसता धरून बसत नाही, तो क्रियापदाचा अंदाजही बांधत असतो आणि मधल्या शब्दामुळे तो अंदाज पक्का होऊ शकतो. म्हणजे अंतर एकटं गुन्हेगार नाही. एकसारख्या दिसणाऱ्या उघड्या डब्यांची गर्दी जास्त छळते. (इथवर आलात तर तुमचा ओटा ऐसपैस आहे.)

आई प्रत्यक्षात तसं बोलत नाही. ती म्हणते, “अहो, त्याला सांगा, ताईला फोन कर म्हणावं.” एक झाकण लागतं, मग दुसरा डबा. ‘जो-तो’ची आपली जुनी रचनाही हेच करते. “जे काम गेल्या महिन्यात राहिलं, ते सोमवारी करू.” पहिलं वाक्य पुरं होऊन बाजूला होतं, मग दुसरं सुरू. मी ‘काम, जे…, ते’ असं इंग्रजी वळणाने उपवाक्य पोटात कोंबलं आणि वर ‘करावयाचे असल्याने’चा सरकारी कोट चढवला.

लावण्याआधी नोटीस मी तीनदा वाचली होती. तरी काही खटकलं नाही, कारण माझ्या डोक्यात ‘पाणी बंद’ आधीच होतं. वाचताना डोळे ओळीवरून सरकत नाहीत, उड्या मारतात. एकेका मुक्कामाला साधारण पाव सेकंद, आणि ओळखीचे छोटे शब्द बऱ्याचदा मुक्कामाविनाच पार होतात. स्वतःचं लिखाण तर सगळंच ओळखीचं. म्हणून मोठ्याने वाचावं, जिभेला उडी मारता येत नाही. जिथे दम लागेल तिथे वाक्य तोडावं. जमलं तर रात्रभर तसंच ठेवावं.

आता कोणीतरी व्हॉट्सॲपवरचं ‘केंब्रिजचं संशोधन’ पाठवेलच: पहिलं आणि शेवटचं अक्षर जागेवर असलं की पुरे, मधली कशीही चालतात, शुद्धलेखन कशाला हवं! केंब्रिजमध्ये असं संशोधन झालेलंच नाही. तिथल्याच एका संशोधकाने त्या मजकुराची चिरफाड केली. मुळातलं काम ग्रॅहॅम रॉलिन्सन यांच्या १९७६ च्या नॉटिंगहॅममधल्या प्रबंधातलं. आणि मराठीत ‘करतो’, ‘पाणी’, ‘नाही’ यांची मधली अक्षरं उलटीपालटी करून दाखवा बघू.

पुढच्या सफाईची नोटीस अशी लावली: “सोमवारी पाणी बंद. सकाळी ८ ते दुपारी २. टाकी साफ करायची आहे. ज्यांची टाकी वेगळी आहे, त्यांना पाणी येईल.”

संध्याकाळी पाहिलं, तर खाली अध्यक्षांच्या अक्षरात भर पडली होती: “याची सर्व सभासदांनी कृपया नोंद घ्यावी.”