पास ते गोल सराव (हॉकी)

मैदानी हॉकीत २३ मीटर रेषेवरून चेंडू ‘डी’मध्ये, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळासारख्या क्षेत्रात, नेऊन गोलवर मारण्याचा एकसलग सराव. डीची त्रिज्या १४.६३ मीटर असते आणि तिच्या आत आक्रमकाची स्टिक चेंडूला लागली नसेल, तर गोल धरत नाहीत. म्हणून पास, चढाई आणि फटका वेगवेगळे न शिकवता एका ओघात घोटून घेतात.

तीन आक्रमक, एक बचावपटू आणि गोलरक्षक एवढ्यांवर भागते. मधला खेळाडू उजव्या विंगला (उजव्या कडेच्या खेळाडूला) पुश देऊन, म्हणजे चेंडू स्टिकने जमिनीलगत ढकलून, डीकडे पळत सुटतो. विंगवाला चेंडू घेऊन थेट बचावपटूच्या अंगावर जातो. बचावपटू अडवायला पुढे सरसावला, की चेंडू मधल्याच्या वाटेत सोडायचा. सगळी मेख या पासात आहे. तो लवकर दिला तर बचावपटू मोकळा राहतो. धावणाऱ्याच्या मागे पडला तर पाय थबकतात आणि हल्ला तिथेच मरतो. डीत शिरल्यावर पहिल्या किंवा दुसऱ्या स्पर्शात फटका. तिसऱ्याने दूरच्या खांबाशी थांबून पॅडवरून उसळलेला चेंडू आत ढकलायचा. ऑफसाइडचा नियम (बचावपटूंच्या पुढे गोलजवळ थांबायला मनाई) १९९०च्या दशकात गेल्यामुळे त्याला तिथे आधीच उभे राहता येते. मुले मात्र बहुधा नुसती बघत उभी राहतात.

ऑलिंपिक हॉकी १९७६ पासून कृत्रिम टर्फवर आहे. खानदेशात जळगाव, धुळे, नंदुरबारकडची शाळकरी मुले खेळतात ती बहुतेक मुरमाच्या किंवा काळ्या मातीच्या मैदानांवर. टर्फवर स्टिक आडवी टाकून चेंडू थांबवता येतो. मुरमावर तोच चेंडू खड्याला लागून स्टिकवरून निघून जातो, म्हणून स्टिक उभी आणि अंग चेंडूच्या मागे हवे. पासही छोटे ठेवलेले बरे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा भल्या सकाळी पाणी मारून, फक्कीने डी आखून सराव उरकतात. खुणेला प्लास्टिकचे शंकू (कोन) नसले तर चपला चालतात, विटा नकोत. चेंडू विटेवरून तोंडाकडे उडतो. बचावपटू जवळ आला, की ‘दे ना भो!’ (दे ना भाऊ) ही साथीदाराची हाक येतेच. हाकेवर पास देण्याची सवय मोडावी, कारण ती बचावपटूलाही ऐकू जाते.

चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा आणि टणक असतो. पॅड-हेल्मेट नसेल तर कुणालाही गोलमध्ये उभे करू नये. दोन्ही खांबांच्या आत हातभर अंतरावर खूण ठेवून त्या फटीत चेंडू मारायला लावावा.