प्रोकोफिएव्हचा फ्लूट सोनाटा मुळात व्हायोलिनचा नाही

रशियन संगीतकार सर्गेई प्रोकोफिएव्हचा डी मेजरमधील सोनाटा (एकल वाद्य व पियानोसाठीची अनेक भागांची रचना) मूळ व्हायोलिनसाठी रचलेला असून फ्लूटवादकांनी तो नंतर उसना घेतला, हा समज अजूनही टिकून आहे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. युद्धकाळात मॉस्कोबाहेर असताना १९४२ मध्ये प्रोकोफिएव्हने फ्लूट आणि पियानोसाठी ही रचना हाती घेतली, १९४३ मध्ये पूर्ण केली, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मॉस्कोत फ्लूटवादक निकोलाय खारकोव्स्की व पियानोवादक स्वियातोस्लाव रिख्तर यांनी ती प्रथम सादर केली. व्हायोलिनचे रूप व्हायोलिनवादक डेव्हिड ओइस्त्राख यांच्या आग्रहातून, त्यांच्याच सहकार्याने पुढे आले आणि १९४४ मध्ये प्रथम वाजले. त्यात पियानोचा भाग जवळजवळ तसाच राहिला. बदल झाले ते मुख्यतः एकल वाद्याच्या ओळीत, जिथे फ्लूटला अशक्य असलेले दुहेरी स्वर आणि तार छेडून काढलेले नाद आले.

गोंधळाला क्रमांकही कारणीभूत असावा. व्हायोलिनचे हे रूप ‘दुसरा व्हायोलिन सोनाटा’ म्हणून ओळखले जाते, पण ‘पहिला’ १९३८ मध्ये सुरू होऊन १९४६ मध्ये, म्हणजे दुसऱ्याच्याही नंतर, पूर्ण झाला! ओपस क्रमांक (संगीतकाराच्या रचनांना दिलेले क्रमांक) मात्र स्पष्ट आहेत: फ्लूटसाठी ९४, व्हायोलिनसाठी ९४ अ.