राग ओरडून काढला म्हणजे निवळतो का?

राग मनात साठवू नये, एकदा ओरडून मोकळे व्हावे, हा सल्ला आपल्याकडे वडीलधारे सहज देतात. तो चुकीचा आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, अपमान करणाऱ्याला आठवत पिशवीवर ठोसे मारणारे लोक नुसते शांत बसलेल्यांपेक्षा अधिक संतापलेले आढळले, कारण ओरडताना वा ठोसे मारताना छातीची धडधड कमी होत नाही आणि अपमानाची उजळणी चालूच राहते.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी फोंड्यातील आमच्या घरी माटोळी, म्हणजे गणपतीच्या मूर्तीवर टांगायची फळा-पानांची चौकट, बांधताना सुपारीचा घड निसटला, तेव्हा काका पुतण्यावर कडाडले. दहा मिनिटांनीही त्यांच्या थरथरत्या हातांना दोराची गाठ मारता येत नव्हती, आणि बोलणे घडावरून गतवर्षीच्या भांडणावर गेले होते.

राग गिळावा, असा याचा अर्थ मुळीच नाही. श्वास संथ करून, धडधड ओसरल्यावर, ‘मला राग आला’ एवढ्यावर न थांबता ‘सगळे वेळेत होणार नाही याची मला धास्ती वाटली’ असे नेमके सांगता येणे, हेच भावनिक बुद्धिमत्तेतले खरे कौशल्य असून ते कोणत्याही वयात सरावाने अंगी बाणवता येते.