परक्या पिंजऱ्यातली झोप

नर उंदराला त्याच्या पिंजऱ्यातून उचलायचं आणि दुसऱ्या नराच्या पिंजऱ्यात ठेवायचं. पिंजऱ्याचा मालक तिथे नाही, पण आठवडाभर न बदललेल्या भुशात त्याचा वास भरून राहिलेला आहे. ना मारहाण, ना विजेचा झटका. बोस्टनमध्ये क्लिफर्ड सेपर यांच्या गटाने रॅट जातीच्या उंदरांवर केलेला हा प्रयोग 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. नर उंदीर आपल्या हद्दीबाबत फार कडक असतात, त्यामुळे नुसत्या वासानेही त्यांची झोप उडाली. काही तास उलटून गेल्यावरसुद्धा ती तुटक होती, आणि डोळा लागला तरी मेंदूच्या आलेखात जागेपणीच्या वेगवान लहरी डोकावत होत्या. मेंदू तपासला तेव्हा झोप आणणाऱ्या पेशी कामाला लागलेल्या दिसल्या आणि जागं ठेवणाऱ्याही. एरवी यांतला एक गट सुरू झाला की दुसरा गप्प बसतो.

आता लंडन. इंपीरियल कॉलेजमधल्या निक फ्रँक्स आणि विल्यम विज्डेन यांच्या गटाने 2022 मध्ये माऊस जातीच्या छोट्या उंदरांवरचं काम प्रसिद्ध केलं. इथेही पिंजरा परकाच, पण मालक घरात होता आणि भांडखोर होता. त्याच्याकडून हार खाल्लेला उंदीर नंतर रात्रभर तळमळत बसेल असं वाटेल. झालं उलटंच. तो लवकर झोपला आणि नेहमीपेक्षा जास्त झोपला. मध्यमेंदूतल्या व्हीटीए या भागातल्या काही पेशी ताणाची दखल घेतात आणि ही झोप घडवून आणतात, असं त्यांना आढळलं. व्हीटीएचं नाव आपण बहुतेक वेळा डोपामिन हे मेंदूतलं रसायन आणि व्यसनं यांच्या संदर्भात ऐकतो. या पेशी बंद पाडल्यावर जादा झोप आली नाही आणि उंदराची चिंताही उतरली नाही.

मग ताणाने झोप उडते की येते? मला वाटतं, प्रश्नच चुकीचा आहे. मार खाऊन आपल्या पिंजऱ्यात परतलेल्याचं भांडण संपलेलं असतं. नुसत्या वासात बसवलेल्याचं ते सुरूच झालेलं नसतं, मालक कधीही येऊ शकतो. अर्थात हा माझा तर्क. प्राण्यांची जातही वेगळी आहे, हे विसरून चालणार नाही.

आणि उंदराची चिंता मोजतात कशी? जमिनीपासून सुमारे अर्धा मीटर उंचावर अधिकच्या चिन्हाच्या आकाराचा मंच असतो. त्याच्या दोन बाहूंना भिंती, दोन उघडे. उंदराला मधोमध सोडायचं आणि पाच मिनिटं वरून कॅमेऱ्याने टिपायचं. उंदराला कडेकडेने, आडोशाने फिरणं आवडतं आणि नवी जागा हुंगायचीही हौस असते. चिंता जितकी जास्त, तितका तो भिंतींच्या आड राहतो.

या मंचावरचं बंगळुरूचं निरीक्षण मला सगळ्यात अस्वस्थ करतं. तिथल्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेत सुमंत्र चटर्जी यांच्या गटाने उंदरांना एकदाच, दोन तास, हलता येणार नाही असं जखडून ठेवलं. दुसऱ्या दिवशी मंचावर काहीच फरक नाही. दहा दिवसांनी मात्र तेच उंदीर आडोसा सोडेनात, आणि भीतीशी जोडलेल्या अमिग्डाला या भागात चेतापेशींवरचे संपर्काचे बारीक काटे वाढलेले होते. म्हणजे दुसऱ्याच दिवशी तपासून ‘उंदीर ठीक आहे’ असा शेरा मारला असता, तर तो सपशेल चुकला असता.

शिवाय ताण देणाऱ्यांच्या यादीत प्रयोगशाळेतली माणसंही येतात. माऊस उचलायची रूढ पद्धत म्हणजे शेपटीला धरणं. लिव्हरपूलच्या जेन हर्स्ट आणि रेबेका वेस्ट यांनी 2010 मध्ये दाखवलं, की प्लास्टिकच्या नळीतून किंवा ओंजळीत उचललेले उंदीर याच मंचाच्या उघड्या बाहूंवर जास्त फिरतात. तेव्हापासून असा कुठलाही शोधनिबंध हाती आला, की आधी मी उंदीर कसा उचलला ते शोधतो. अनेकदा ते लिहिलेलंच नसतं.