साडेपाच म्हणजे टाइम झोन नव्हे

द्राक्ष, बेदाणा किंवा हळद बाहेरच्या देशांत पाठवणाऱ्या सांगली-तासगावकडच्या ऑफिसांतल्या एक्सेल शीटमध्ये बऱ्याचदा ‘टाइम झोन’ नावाचा रकाना असतो. खाली भरलेलं असतं: भारत +५:३०, दुबई +४, रॉटरडॅम +१, लंडन ०. रकान्याचं नाव एक आणि आतला माल दुसराच. हे सगळे ऑफसेट आहेत, टाइम झोन त्यात एकही नाही.

दुबईपुरतं हे खपून जातं, कारण तिथलं घड्याळ वर्षभर जागचं हलत नाही. आपलंही हलत नाही, आणि गोची तिथंच होते. बारा महिने तेरा काळ एकच साडेपाच बघत आलेल्या माणसाला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे जाणवायचं कारणच पडत नाही.

ऑफसेट हा नुसता आकडा आहे. अमुक एका क्षणी तिथलं घड्याळ यूटीसीच्या, म्हणजे जगभरच्या प्रमाण वेळेच्या, किती पुढं किंवा मागं आहे, एवढंच तो सांगतो. टाइम झोन म्हणजे एका प्रदेशाचं नाव आणि त्या नावावर लागलेली नियमांची यादी: कुठल्या तारखेपासून कुठला ऑफसेट होता, आज कुठला आहे, आणि सध्या ठरलेल्या नियमांप्रमाणे पुढं कुठला असेल. ही नावं ‘एशिया/कोलकाता’, ‘युरोप/अ‍ॅमस्टरडॅम’ अशी खंड आणि शहर मिळून बनतात. ती आयएएनए या इंटरनेटची नावं-पत्ते सांभाळणाऱ्या संस्थेच्या ज्या डेटाबेसमधून येतात, त्याचं काम आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी १९८०च्या दशकात सुरू केलं. आज बहुतेक फोन आणि सर्व्हर त्याच्यावरच चालतात. त्यात सांगलीचं नाव नाही आणि मुंबईचंही नाही. १९७० पासून ज्या भागातली घड्याळं सारखी चालली, त्या भागाला साधारणपणे एक नाव, असा तिथला हिशोब आहे.

फरक अंगावर येतो तो मार्चअखेरीला. युरोपला द्राक्षाचे कंटेनर ऐन भरात जात असतात आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं उन्हाळी वेळेसाठी तासभर पुढं सरकतात. २०२६ मध्ये हा रविवार २९ मार्चचा. समजा, रॉटरडॅमच्या खरेदीदाराशी रोज त्याच्या दुपारी चारला बोलायचं ठरलं आहे. शुक्रवार, २७ मार्चला तिथला ऑफसेट +१ आहे, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेआठ. सोमवार, ३० मार्चला ऑफसेट +२ झालेला असतो आणि तेच चार आपल्या साडेसातला वाजतात. शीटमध्ये +१ लिहून बसलेला माणूस साडेआठला फोन लावतो, तेव्हा समोरचा पाच वाजता ऑफिस बंद करून निघालेला असतो. या सगळ्यात टाइम झोन तसूभरही बदललेला नाही. शुक्रवारीही रॉटरडॅमचा झोन ‘युरोप/अ‍ॅमस्टरडॅम’ होता, सोमवारीही तोच. लंडनचंही तसंच. उन्हाळ्यात तिथं शून्य नसतो, +१ असतो, तरी ईमेलमध्ये लोक सवयीनं वर्षभर जीएमटी, म्हणजे शून्य ऑफसेटची वेळ, लिहीत राहतात.

आता ठिकाणावरून वेळ सांगणाऱ्या वेब सेवा. त्यांना अक्षांश-रेखांश द्यायचे आणि झोन विचारायचा. गूगलची टाइम झोन एपीआय (प्रोग्रॅमनं प्रश्न विचारायची सेवा) यासोबत आणखी एक गोष्ट सक्तीनं मागते: टाइमस्टॅम्प, म्हणजे १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद. नवख्याला वाटतं, मला जागा कळवायची आहे, वेळ कशाला हवी? पण झोनचं नाव जागेवरून निघतं आणि ऑफसेट जागा व क्षण दोन्ही मिळाल्याशिवाय निघत नाही. सांगलीसाठी १६.८५ आणि ७४.५७ दिले तर मूळ ऑफसेट १९८०० सेकंद, म्हणजे साडेपाच तास, आणि उन्हाळी वाढ शून्य असं उत्तर येतं. झोनचं नाव कुठं ‘एशिया/कोलकाता’ तर कुठं जुनं ‘एशिया/कलकत्ता’ दिसेल. दोन्ही एकच, घाबरायचं कारण नाही.

जिओनेम्स नावाची दुसरी सेवा हेच काम करते, शिवाय सूर्योदय-सूर्यास्तही देते. एकीकडून दुसरीकडं जाताना मात्र डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. ‘डीएसटी ऑफसेट’ (डीएसटी म्हणजे उन्हाळी वेळ) नावाचा रकाना दोघींकडे आहे आणि अर्थ वेगवेगळे. गूगलकडे ती उन्हाळ्यातली वरची भर आहे, सेकंदांत. रॉटरडॅमला जुलैत मूळ ३६०० आणि भर ३६००, दोन्ही मिळवले की ७२००, म्हणजे दोन तास. जिओनेम्सकडे तोच रकाना १ जुलैचा पूर्ण ऑफसेट देतो, तासांत: २. गूगलच्या सवयीनं त्यात मूळचा एक मिळवला की रॉटरडॅम +३ वर जाऊन बसतं. माझ्या मते तर प्रोग्रॅममध्ये सेवेकडून आलेलं झोनचं नाव तेवढं घ्यावं आणि ऑफसेट आपल्या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या तयार टाइम झोन लायब्ररीकडून काढून घ्यावा. आकड्यांच्या रकान्यांना हातच लावू नये.

अक्षांश आधी, रेखांश नंतर, हेही नीट पाहावं. उलटे पडले तर सांगली थेट नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर आयलंडजवळच्या समुद्रात जाते. समुद्रातल्या जागेला गूगल बहुधा ‘निकाल नाही’ म्हणून हात वर करते. काही सेवा समुद्रालाही झोन देतात. तेव्हा अरबी समुद्रातल्या कंटेनरला ‘इटीसी/जीएमटी-५’ असं नाव मिळू शकतं आणि त्याचा अर्थ यूटीसीच्या पाच तास पुढं असा आहे. त्या नावांमध्ये चिन्ह उलटं असतं. जुनी प्रथा आहे, आता कोण बदलणार!

शाळेत रेखांशाला १५ ने भागून वेळ काढायला शिकवलं होतं, मग सेवेची गरज काय, असं कुणी विचारेल. सांगलीचा रेखांश भागून बघा: चार तास अठ्ठावन्न मिनिटं येतात. आपलं घड्याळ चालतं मिर्झापूरजवळच्या साडेब्याऐंशी अंशांवर, म्हणून सांगलीत सूर्य डोक्यावर यायला सरासरी साडेबारा होतात. घड्याळ सरकार ठरवतं, सूर्य ठरवत नाही. त्यामुळं या सेवा भागाकार करत बसत नाहीत. दिलेला बिंदू नकाशावरच्या कुठल्या झोनच्या हद्दीत पडतो ते बघतात.

हद्दीचं महत्त्व अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात कळतं. सांगलीतल्या एका घरची मुलगी तिथल्या फिनिक्सला आणि मुलगा कोलोरॅडोतल्या डेन्व्हरला आहे असं धरा. जानेवारीत दोघांचाही ऑफसेट -७, आपल्यापेक्षा साडेबारा तास मागं. आई म्हणणार, दोघं एकाच टाइम झोनमध्ये आहेत. जुलैत डेन्व्हर -६ वर येतं आणि फिनिक्स जागचं हलत नाही, कारण अ‍ॅरिझोना उन्हाळी वेळ पाळत नाही. ऑफसेट जुळला म्हणून झोन जुळत नाही. त्यात आणखी एक पाचर अशी की, त्याच अ‍ॅरिझोनातला नवाहो या मूळ रहिवासी लोकांचा प्रदेश उन्हाळी वेळ पाळतो आणि त्याच्या पोटातला होपी लोकांचा भाग पाळत नाही. इथं राज्याचं नाव पुरत नाही, अक्षांश-रेखांशच लागतात.

नुसता भारतातलाच विचार करायचा असेल तर कुंडलीचं सॉफ्टवेअर घ्या. १९४३ मध्ये सांगलीत जन्मलेल्या आजोबांची पत्रिका मांडायची आहे. दुसऱ्या महायुद्धात, १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत, देशातली घड्याळं तासभर पुढं होती: +६:३०. लग्नरास साधारण दोन तासांनी बदलते, म्हणजे आजचा साडेपाच लावला तर लग्न चुकण्याची बरीच शक्यता. झोनचं नाव आणि जन्मतारीख दोन्ही दिली तर लायब्ररी स्वतःहून साडेसहा लावते. तरी जुन्या तारखांसाठी तिच्यावर डोळे झाकून विसंबू नये. ‘एशिया/कोलकाता’खालचा १९७० पूर्वीचा इतिहास कोलकात्याचा म्हणून नोंदलेला आहे, आणि मुंबईनं आपली वेगळी वेळ १९५५ पर्यंत चालवली होती.

मग साठवायचं काय? घडून गेलेल्या गोष्टी, म्हणजे कंटेनर सील झाला, पैसे जमा झाले, यूटीसीत ठेवाव्यात. तो क्षण आता बदलणार नाही. पुढच्या हंगामातली बैठक यूटीसीत कधीच ठेवू नये. तिथली वेळ जशी ठरली तशी आणि शेजारी झोनचं नाव, असं लिहावं, कारण मधल्या काळात नियम बदलू शकतात. मेक्सिकोनं २०२२ मध्ये बहुतेक देशात उन्हाळी वेळ बंद केली. युरोपीय संसदेनं घड्याळं मागंपुढं करणं थांबवावं म्हणून मार्च २०१९ मध्ये मतदान केलं, पण प्रत्यक्षात अजून काही झालेलं नाही. उद्या खरंच थांबलं, तर ज्यांनी ‘युरोप/अ‍ॅमस्टरडॅम’ लिहून ठेवलं आहे त्यांना झोनचा डेटा अपडेट केला की झालं. ज्यांच्या रकान्यात +१ आणि +२ आहेत, त्यांना शीटमधली एकेक ओळ उघडून विचारावं लागेल की हा एक हिवाळ्यातला, की कायमचा.